अकरा वर्षांची गाडी, सासऱ्यांची कंपनी आणि बिलात नसलेली ओळ

«नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो. २०१४ च्या दसऱ्याला घेतलेली पेट्रोल गाडी आहे, ९२ हजार किलोमीटर झालेत. मी रोज तिने मानपाड्याला शाळेत जाते. गणपतीत आणि मे महिन्यात चिपळूणला एकेक फेरी होते. गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरने ६८,४०० रुपयांचा अंदाज हातात दिला आणि वर म्हणाले, "मॅडम, एवढे घालण्यापेक्षा एक्स्चेंजला द्या." फोटो जोडला आहे. सासरे म्हणतात, ही कंपनी घेतलीत तिथंच चुकलात. आमच्या घरात १९८९ पासून एकाच कंपनीच्या गाड्या, एकदाही रस्त्यात थांबल्या नाहीत. दीर म्हणतो, डोळे झाकून जपानी घ्या. नवऱ्याचा जीव एका सनरूफवाल्या नव्या मॉडेलवर जडलाय. मला गाडी बदलायची हौस नाही. पण महिन्याला थोडं कुलंट घालावं लागतं, एसी लावला की चढावर गाडी जड वाटते, आणि पावसात मुलांना घेऊन गायमुखच्या घाटात अडकायची भीती वाटते. नवी घेतली तर १५ वर्षं चालवायची आहे. भरवशाची कंपनी कुठली, ते एकदा सांगून टाका. – एक शिक्षिका»

ताई, फोटो जोडलात हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत नुसता एकूण आकडा येतो, आणि नुसत्या आकड्याला उत्तर देता येत नाही. तर आधी तो कागदच वाचू. पुढचं सस्पेन्शन, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, लोअर आर्म, बुश आणि लिंक रॉड मिळून २३,५००. क्लच सेट मजुरीसकट १३,८००. चार टायर १८,६००. बॅटरी ५,३००. आणि तळाला ७,२०० रुपयांची एक मोळी बांधलेली: डिकार्बनायझिंग (इंजिनातली काजळी काढणं), थ्रॉटल बॉडी क्लीनिंग (इंजिनात हवा सोडणारी झडप साफ करणं), एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग.

यातली एकही ओळ कंपनीच्या नावावर मारता येत नाही. टायर आणि बॅटरी या गाडीच्या चपला आहेत, झिजणारच. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ते तुम्ही स्वतः वाचा: ३२१९ असेल तर टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालाय. सहा वर्षं ओलांडलेला टायर, नक्षी शिल्लक दिसली तरी बदलाच; रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. सस्पेन्शनचं म्हणाल तर घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची वर्षानुवर्षं, सर्व्हिस रोडचे खड्डे आणि अकरा पावसाळे काढलेल्या गाडीचे बुश गेले नसते तर मला आश्चर्य वाटलं असतं. आणि माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीचा क्लच ९२ हजार टिकला, म्हणजे तुमचा डावा पाय शहाणा आहे. याबद्दल घरात कुणी कौतुक केलं नसेल, म्हणून मी करतो.

त्या ७,२०० च्या मोळीतलं थ्रॉटल बॉडीचं काम ठेवा, तेही सिग्नलला गाडी थरथरत असेल तरच. बाकी खोडा. अंडरबॉडी कोटिंग तर मुळीच नको. अकरा वर्षांच्या पत्र्यावर कुठे ना कुठे गंज असतोच, आणि गंजावर डांबरासारखा थर चढवला की ओल आत कोंडते. वरून काळंभोर, आतून भुगा.

राहिले ६१,२००. टायर टायरवाल्याकडे आणि बॅटरी बॅटरीवाल्याकडे घ्या, जुनी बॅटरी परत दिलीत की तिचे पैसे वजा होतात; रक्कम आणखी खाली येईल. तरी आपण पूर्ण ६८,४०० च धरू आणि एक्स्चेंजवाल्या साहेबांचा हिशेब तपासू. दहा लाखांची गाडी, सात लाख कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता साधारण साडेचौदा हजार. म्हणजे ज्या खर्चाला घाबरून गाडी विकायला सांगताहेत तो पाच हप्त्यांहून कमी आहे, आणि हप्ते साठ आहेत. शिवाय नवी गाडी घरी उभी राहून पैसे खाते. विमा कंपन्या नुकसानभरपाईसाठी गाडीची किंमत धरतात त्या कोष्टकात पहिलं वर्ष उलटलं की २० टक्के आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट आहे. दहा लाखांच्या गाडीला ही वर्षाला लाखभराची झीज झाली, एकही स्पॅनर न लावता. तुमच्या गाडीची किंमत पडायची तेवढी केव्हाच पडून गेलीय. या बाबतीत जुनी गाडी फार निवांत असते.

तर खर्चाच्या आकड्यावरून गाडी विकायचं कारण मला दिसत नाही. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना अडकलो ते त्या कागदात नसलेल्या ओळीवर. "महिन्याला थोडं कुलंट घालावं लागतं."

ही ओळ अंदाजपत्रकात नाही. का नाही? माझा अंदाज असा, की गाडी सोडताना तुम्ही ती जॉबकार्डवर लिहून घेतली नाहीत. सल्लागार पोरगा तुम्ही सांगितलेलं लिहितो, आणि त्याला महिन्याचं जे टार्गेट असतं ते लिहितो. डिकार्बनायझिंगचं टार्गेट असतं, कुलंटच्या गळतीचं नसतं.

कुलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. ते बंद व्यवस्थेत फिरतं. पेट्रोलसारखं ते वापरून संपत नाही. धडधाकट गाडीत दोन सर्व्हिसिंगच्या मधे टाकीची पातळी जवळजवळ हलत नाही. तुमची दर महिन्याला उतरते, म्हणजे ते कुठून तरी जातंय, आणि जाण्याच्या वाटा दोनच: बाहेर किंवा आत. बाहेर म्हणजे होजपाइप, त्याची पट्टी, रेडिएटरचा सांधा, वॉटर पंपाचं सील. अकरा वर्षांच्या रबराला तडे जातात, गरम इंजिनावर थेंब पडून वाळतो, म्हणून जमिनीवर डाग दिसत नाही. फक्त सांध्यापाशी हिरवट किंवा गुलाबी पावडर जमलेली असते. हे सगळं काही हजारांत आटपतं. आत म्हणजे हेड गॅस्केट. इंजिनचं डोकं आणि धड यांच्या मधली ती पातळ चकती फुटली की कुलंट सिलिंडरमध्ये उतरून वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, किंवा ऑइलमध्ये मिसळतं. अशी गाडी एक दिवस चढावर, एसी चालू असताना, काटा लाल पट्टीत नेते. हेड वाकडं होतं. मग हेड उतरवणं, लेथवर घासणं, व्हॉल्व्ह बसवणं, आणि बिल असं की त्याच्यापुढे ६८,४०० किरकोळ वाटावेत.

गायमुखच्या घाटातली तुमची भीती मला म्हणूनच खरी वाटते. फक्त ती कंपनीची नाही, कुलंटची आहे. तेव्हा दुरुस्ती, विक्री, एक्स्चेंज, सगळं बाजूला ठेवून पहिलं काम कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावतात, दाब देतात, पंधरा-वीस मिनिटं काटा उतरतो का बघतात. दाब उतरला आणि बाहेर थेंब दिसला तर देव पावला. उतरला आणि बाहेर कुठेच काही नाही, तर आत शोधायचं. जोडीला ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघायला सांगा: पिवळट लोण्यासारखा थर असेल तर वाईट लक्षण. पण जरा थांबा, तुमचं रोजचं जाणं पाच-सहा किलोमीटरचं. एवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही आणि नुसत्या बाष्पानेही झाकणाला थोडा फेस धरतो. म्हणून त्या थरावर एकट्यावर निकाल देणाऱ्या मेकॅनिकचं ऐकू नका, डिपस्टिकवरचं ऑइलही दुधट आहे का बघा. एक्झॉस्टमधला वायू कुलंटमध्ये येतोय का हे रंग बदलणाऱ्या द्रावणाने तपासता येतं, ते करून देणारा भेटला तर उत्तम.

चढावर जड वाटण्याचंही पाहून टाकू. गायमुखला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा, काटा पळतो आणि स्पीड मागे राहतो, असं होतंय का? होत असेल तर क्लच घसरतोय, १३,८०० चं काम रास्त आहे. दोन्ही सोबत वाढत असतील तर क्लच सहा महिने थांबू शकतो. आधी एअर फिल्टर आणि प्लग बघा.

आता तुमचा खरा प्रश्न. भरवशाची कंपनी कुठली?

मी वागळे इस्टेटला सव्वीस वर्षं गॅरेज चालवलं. सगळ्या कंपन्यांची बोनेटं उघडली. आणि या प्रश्नावर गॅरेजवाल्याचं मत सगळ्यांत शेवटी विचारावं असं माझं मत आहे. डॉक्टरला गाव सगळं आजारीच दिसतं, तसं आमचं. माझ्याकडे एका कंपनीच्या गाड्या सर्वांत जास्त येत, म्हणून माझा जुना फिटर त्या कंपनीला शिव्या घालायचा. एक दिवस मी त्याला तीन हात नाक्याला चहा पीत सिग्नलच्या गाड्या मोजायला लावल्या. दहातल्या चार-पाच त्याच कंपनीच्या. मग त्या दुरुस्तीलाही तितक्या येणारच की. उलट एका दुसऱ्या कंपनीच्या गाड्या क्वचित यायच्या, तिची बाजारात मोठी ख्याती. पण त्यांचे पार्ट बाहेर मिळतच नव्हते, त्यामुळे मालकाला शोरूमशिवाय गत्यंतर नव्हतं. माझ्याकडे न येणं हा त्या गाडीचा गुण नव्हता.

नावावर भाळण्यात मीही मागे नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, स्वतःचं गॅरेज असताना, एका परदेशी नावाला भुलून मी घरची गाडी घेतली. इंजिन असं की कान लावून ऐकत बसावं. पुढे एका किरकोळ सेन्सरसाठी ती सात आठवडे माझ्याच गॅरेजात कोपऱ्यात उभी होती, आणि गिऱ्हाइकं येता-जाता विचारायची, "ही कुणाची हो?" मी म्हणायचो, "एका पार्टीची आहे."

तुमच्या सासरेबुवांच्या कंपनीचं नाव ओळखायला फार डोकं लागत नाही. १९८९ साली निवड होती तरी किती? पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती, बाकी मोजून दोन-चार नावं. त्यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण तो अनुभव कार्बोरेटरच्या, एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या वायरींच्या गाडीचा आहे, आणि मला खात्री आहे, रविवारी सकाळी स्वतः पाणी-हवा-ऑइल बघणाऱ्या माणसाचा आहे. त्याच कंपनीच्या आजच्या गाडीत डझनांनी कंट्रोल युनिट आणि सेन्सर आहेत. चिन्ह तेवढं जुनं राहिलंय. सासऱ्यांना हे सांगू नका, घरात वाद नको. पण कुलंटच्या बाबतीत त्यांना मदतीला घ्या. रोज सकाळी टाकीची पातळी बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं काम त्यांच्याइतकं चोख कुणी करणार नाही.

दिराच्या 'जपानी'चं बघू. २०१९ पासून टोयोटाच्या नावाने विकली जाणारी ग्लँझा ही मुळात मारुती सुझुकीची बलेनो आहे. चिन्ह बदललं, जाळी बदलली, आतलं यंत्र तेच. मग यातली भरवशाची कुठली? त्याच्याही आधी फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन एकाच वेळी तीन कंपन्यांच्या बोनेटखाली होतं. फियाट त्याला मल्टिजेट म्हणायची, मारुती डीडीआयएस, टाटा क्वाड्राजेट. माझ्या गॅरेजात एकाच सकाळी तिघांचे मालक बाकड्यावर बसून आपापल्या कंपनीचं इंजिन कसं श्रेष्ठ यावर हमरीतुमरीवर आलेले मी पाहिलेत. मी गप्प बसून तिन्हींत तेच ऑइल भरलं. फियाटचं नाव आपल्याकडे 'सर्व्हिस नाही' म्हणून बदनाम आणि तेच इंजिन स्विफ्टमध्ये गेल्यावर 'बिनतक्रार', हे तर सगळ्यांनी पाहिलंय.

उलटही असतं. एकाच कंपनीची, एकाच शोरूममधली, एकाच रंगाची गाडी. एकीत साधा गिअर, दुसरीत ड्युअल-क्लच, म्हणजे दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. फोक्सवॅगनने २०१३ साली चीनमध्ये ड्युअल-क्लच गिअरबॉक्सपायी तीन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या होत्या. मॅन्युअल गिअरवाल्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मग 'फोक्सवॅगन भरवशाची का?' या प्रश्नाला हो किंवा नाही काय म्हणायचं? भरवसा असतो तो अमुक इंजिन, तमुक गिअरबॉक्स, अमक्या वर्षाची गाडी असा. नावाला चिकटून तो पिढ्यान्‌पिढ्या चालत नाही.

परदेशी क्रमवाऱ्या मोबाइलवर फिरत असतात, त्यांच्यावरही विसंबू नका. जे. डी. पॉवर या अमेरिकी संस्थेची सुरुवातीच्या दर्जाची पाहणी गाडी घेतल्यावरच्या पहिल्या ९० दिवसांची असते आणि दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी ते मोजते. त्यात फोन ब्लूटूथला जोडला जात नाही हीही एक तक्रार आणि गिअरबॉक्स गेला हीही एकच. टिकाऊपणाची वेगळी पाहणी असते, ती तीन वर्षांच्या गाड्यांची. तुम्हाला १५ वर्षं चालवायची आहे, तेही अमेरिकेत नाही, कासारवडवलीत.

रिकॉलच्या बातमीने मात्र दचकू नका. गाडी परत बोलावून फुकट दुरुस्त करून देणारी कंपनी मला न बोलावणारीपेक्षा बरी वाटते. तुमच्या आत्ताच्या गाडीचाही चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, एखादं फुकटचं काम राहिलेलं असू शकतं.

१५ वर्षांचा विचार करताना यंत्राइतकीच दुसरी एक गोष्ट मी बघतो: कंपनी तेवढी वर्षं इथे असेल का. आपल्याला हे लांबचं वाटायला नको. नव्वदच्या दशकात पूजो ३०९ आपल्या कल्याणलाच जुळत होती. काही वर्षांत तो संसार मोडला आणि घेणारे पार्टसाठी वणवण हिंडले. शेव्हरोलेने २०१७ च्या अखेरीस इथली विक्री थांबवली, फियाटने २०१९ मध्ये, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि गंमत बघा, फोर्डची गाडी वाईट होती असं तिचे मालक आजही म्हणत नाहीत. गाडी उत्तम, पण काच किंवा हेडलाइट मिळवायला कसरत. विकली कमी जाणारी, एकुलत्या एका मॉडेलवर तगून असलेली कंपनी दिसली की मी तरी लांबून नमस्कार करतो.

नवी घ्यायची वेळ येईल तेव्हा शोरूममध्ये नाही, पार्टच्या काउंटरवर जा. पुढचा शॉक ॲब्सॉर्बर, क्लच सेट, एसी कॉम्प्रेसर, हेडलाइट आणि एक साधा एबीएस सेन्सर, या पाच वस्तूंची किंमत आणि 'आज मिळेल की मागवावा लागेल' एवढं विचारा. पाचांतल्या तीन मागवाव्या लागत असतील तर उत्तर मिळालं. मग वाढीव वॉरंटीचा कागद मागा. हा माझा आवडता कागद. जाहिरातीत कंपनी काहीही म्हणो, पाचव्या-सहाव्या-सातव्या वर्षाची जबाबदारी घ्यायला ती किती पैसे मागते आणि कुठले पार्ट वगळते, त्यात तिचा स्वतःच्या यंत्रावरचा खरा विश्वास उतरलेला असतो. एकाच मॉडेलच्या दोन गिअरबॉक्सना वेगवेगळा दर लावला असेल तर कारण विचारायचीही गरज नाही.

तुमच्या वापरापुरतं सांगायचं तर डिझेल नको. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते; ती साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर तापून पळावी लागते. शाळेपर्यंतच्या पाच किलोमीटरांत ती तुंबेल. ऑटोमॅटिक हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणारा) किंवा सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला). कोरड्या क्लचचा ड्युअल-क्लच घोडबंदरच्या रांगणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापतो, तो रस्ता त्याच्यासाठी बनलेला नाही. टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन, बाजारात दोन वर्षं होऊन गेलेलं मॉडेल. नव्याकोऱ्या मॉडेलच्या पहिल्या तुकड्या घेणारे लोक कंपनीची फुकट चाचणी करून देतात, त्यांचे आभार मानावेत आणि मागे उभं राहावं. विजेच्या गाडीचं आधी सोसायटीत पार्किंगपर्यंत मीटरची वायर ओढून मिळते का ते विचारा, मगच पुढचं बोलू.

सनरूफबद्दल तुमच्या नवऱ्याला एवढंच: त्याच्या चारी कोपऱ्यांना पाणी जायच्या बारीक नळ्या असतात. झाडाखाली लावलेल्या गाडीत त्या पानांनी तुंबतात आणि जुलैत पाणी छतातून थेट चालवणाऱ्याच्या मांडीवर येतं. वर्षातून दोनदा नळ्या साफ करायचं लेखी कबूल करत असतील तर घेऊ द्या.

१५ वर्षांच्या कायद्याची धास्ती घालणारे बरेच आहेत, म्हणून तेही. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची ती अट दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्राची. आपल्याकडे तुमची नोंदणी २०२९ च्या ऑक्टोबरात संपेल. त्यानंतर तपासणीत गाडी पास झाली, पर्यावरण कर भरला, की पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झालं, म्हणून ऐनवेळी दचकू नका. इथेनॉलचं मात्र लक्षात ठेवा. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल तुमच्या २०१४ च्या गाडीसाठी आखलेलं नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा जुन्या चारचाकींच्या ॲव्हरेजमध्ये ६ ते ७ टक्के घट धरलेली आहे. ॲव्हरेज पडलं तर इंजिन गेलं असं समजू नका. पण दर सर्व्हिसिंगला पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील हाताने चाचपून बघायला सांगा, आणि गाडी मे महिन्यात महिनाभर उभी ठेवून गावी जाऊ नका.

तर माझं म्हणणं असं. गळती बाहेरची निघाली तर ती दुरुस्त करा, सोबत सस्पेन्शन आणि टायर आत्ता, क्लच चढावरच्या परीक्षेनंतर, आणि गाडी २०२९ पर्यंत चालवा. नव्या गाडीचा हप्ता भरतोय असं समजून महिन्याला ८,००० बाजूला टाकलेत तर चार वर्षांत ३ लाख ८४ हजार जमतात, तेवढं कर्ज कमी. हेड गॅस्केट निघालं तर तीन ठिकाणचे दर घ्या. गाडीला बाजारात येणाऱ्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च येत असेल तर विका, पण घेणाऱ्याला सांगून विका. तो कुणाच्या तरी मुलांना घेऊन त्याच घाटातून जाणार आहे.

टेस्टसाठी गाडी संध्याकाळी नेऊन ठेवा म्हणजे सकाळी इंजिन थंड असेल. जॉबकार्डवर स्वतःच्या अक्षरात "कुलंट दरमहा कमी होते, कारण शोधणे" असं लिहा आणि फोटो काढा. काढलेला प्रत्येक जुना पार्ट डिकीत ठेवायला सांगा. तोपर्यंत चिपळूण नको, घाट नको, शाळेपर्यंत ठीक. काट्यावर नजर ठेवा आणि काटा चढला तर एसी बंद करून कडेला थांबा. टाकीत कंपनीने सांगितलेलं कुलंटच घाला, नळाचं पाणी नाही. आणि रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी. माझ्या उजव्या मनगटावर अजून डाग आहे.